बबड्याच्या तुरुंगाचा अभ्यास

हॅलो?… थांब, थांब, जिन्यात येते. आत बोललं की ग्रंथपाल डोळे वटारतात… हां, आता बोल. जेवलीस का?… नुसता चहा? अगं, तुरुंगात तुझा बबड्या गेलाय, उपाशी तू कशाला राहतेस?

हो, सकाळपासून वाचनालयातच आहे… हो, तुरुंगाचंच वाचतेय. दुसरं काय वाचणार, या वयात, विणकामाची पुस्तकं?… नाही गं, कोणाला काही कळलेलं नाही. बबड्याचं नावसुद्धा काढलेलं नाही मी. ग्रंथपालांनी विचारलं होतं, रोज तुरुंगावरचीच पुस्तकं कशी लागतात तुम्हाला? माझ्या तोंडातून निघून गेलं, कादंबरी लिहितेय म्हणून… हस, हस. हसलीस तरी. पण ते निघाले हौशी. आता रोज विचारतात, तुमचा नायक कुठवर आला? काल म्हणाले, भुयार खणायला लावा त्याला, वाचकांना आवडतं… काय सांगणार? म्हटलं, आमचा नायक शिक्षा पुरी करूनच येणार आहे. फार हिरमुसले बिचारे.

बरं, ऐक ना. ते बेड्यांचं आणि खडी फोडण्याचं काल तुला वाचून दाखवलं, ते डोक्यातून काढून टाक… अगं, ते राजेरजवाड्यांच्या काळातलं पुस्तक निघालं. मी साल बघितलंच नाही, घाईघाईत तुला फोन लावून मोकळी झाले… रात्रभर झोपली नाहीस? माझंच चुकलं. नाही, आता कोणी खडी फोडत नाही. सुतारकाम आहे, छापखाना आहे, कपडे धुण्याचा विभाग आहे… हो ना, बबड्या आणि कपडे धुणं. घरी पायातले मोजे जिथे काढेल तिथेच पडायचे त्याचे.

मग तुरुंग खात्याची वेबसाइट बघितली. तिथे सगळंच चकचकीत. भिंतींना ताजा रंग, कुंड्या मांडलेल्या, कैदी ओळीने बसून संगणक शिकतायत आणि एकाच्याही सदऱ्याला सुरकुती नाही… नाही, माझाही विश्वास नाही बसला. पुस्तक घाबरवतं, वेबसाइट लाडीगोडी लावते. एक जाडजूड सरकारी अहवालही काढून दिला ग्रंथपालांनी, तर त्यात नुसती कोष्टकं. खाटा किती, पहारेकरी किती. कैद्याची आई कशी आहे, हे विचारावंसं नाही वाटलं कोणाला.

काय?… परत बोल, जिन्यातून माणसं जातायत… कुठे वाचलंस तू हे?… मोबाइलवर. तुला कोणी सांगितलं शोधाशोध करायला, मी आहे ना… हो… हो गं, खरं आहे. कैद्याला भेट नाकारता येते. भेटायचं नाही म्हणाला, तर आलेल्या माणसाला परत पाठवतात. मला केव्हाच कळलं होतं, तुला सांगायला जीभ रेटली नाही.

पण तो नाकारेल कशावरून?… कोर्टात तुझ्याकडे बघितलं नाही, मान्य. मीही होते तिथे… पण तू काय खोटं सांगितलंस? त्या सायकलवाल्याला उडवून, रस्त्यात तसाच टाकून तो घरी आला आणि तुला म्हणाला, मी संध्याकाळभर घरीच होतो असं सांग. पोलिसांनी विचारल्यावर तू तसं नाही सांगितलंस. त्या माणसालाही आई असेलच की… नाही, मला नाही सांगता यायचं. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, खरंच माहीत नाही मला… रडू नकोस. बरं, रड. रडून घे. मी आहे, ठेवत नाही फोन.

… आहे गं, आहे. पाणी प्यायलीस का?… हं. आता जरा कामाचं ऐक. आज इथल्या संगणकावर मला कैद्यांच्या घरच्या लोकांचा एक गट सापडलाय. बायका, आया, बहिणी, सगळ्या एकमेकींना विचारतात, सांगतात. एकीने स्वतःचं नाव काय ठेवलंय माहितेय? 'तुरुंगाची सून'… अगं खरंच. तिचा नवरा बबड्याच्याच तुरुंगात आहे. ती लिहिते, जेवण कोमट असतं पण पोट भरतं. भेटीला जाताना केसांत पिना नकोत, नाहीतर दारातच अडवून ठेवतात. रात्री दिवा मंद चालूच असतो… माहितेय मला, त्याला मिट्ट काळोख लागतो. डोळ्यांवर टॉवेल घेऊन झोपतात म्हणे. शिकेल तोही. मी तिचं सगळं वाचून टिपून ठेवलंय, वहीत नाही, डोक्यात. तू नुसतं विचार, मी सांगते… हॅलो? हॅलो, आवाज तुटला मधेच.

कोणाचा येतोय दुसरा फोन? घे की मग, मी थांबते… कापलास? कोण होतं?… कसली रेकॉर्ड?… कर्जवाले? तुला कोण कर्ज देणार गं… थांब. थांब जरा. काय म्हणते ती रेकॉर्ड?… नमस्कार. आणि पुढे?… पुढचं कधी ऐकलंच नाहीस. कधीपासून येतोय हा फोन?… तो आत गेल्यावर काही दिवसांनी. आणि दर आठवड्याला, दुपारचाच… अगं बाई. ऐक. नीट ऐक माझं, बसलीयेस ना?

त्या सुनेने लिहिलंय. आतून फोन येतो ना, तेव्हा आपलं माणूस आधी बोलत नाही. आधी रेकॉर्ड वाजते. नमस्कार म्हणते, मग सांगते की हा फोन कारागृहातून आहे, बोलायचं असेल तर एक दाबा. एक दाबलं की मग लागतो… चेष्टा कशी करेन गं मी?… शपथेवर नाही सांगता येणार, पण मला वाटतं तोच आहे… नाही, तुरुंगवाले कोणाचे नंबर शोधत बसत नाहीत. कैद्याने स्वतः द्यावा लागतो, तेव्हा मंजूर होतो. म्हणजे तुझा नंबर त्यानेच दिला असणार.

हो, कापलास. प्रत्येक वेळी कापलास, पण तुला काय स्वप्न पडलं होतं?… हो, त्याला वाटलं असेल. आईच कापतेय, असंच वाटलं असेल त्याला. तरी पुढच्या आठवड्यात लावलाच ना त्याने? आज पुन्हा लावला ना?

नको, उलटा लावू नकोस, लागत नाही तो. फोन हातात धरून बस. नाही लागला तर परत रांगेत उभं राहून लावता येतो, असं लिहिलंय तिने… मग येईल. आज नाही तर पुढच्या आठवड्यात… ओरडायलाच लावत असेल, म्हणतेस? असेल. मग ओरडू दे की. ओरडायला तरी त्याने आईचाच नंबर दिला.

काय बोलू म्हणजे?… ते का पुस्तकात असतं? जेवलास का, विचार… काय?… आत्ता? वाजतोय? अगं मग माझ्याशी काय बोलत बसलीस, माझा ठेव… नमस्कार म्हणेल, म्हणू दे, शेवटपर्यंत ऐक, कापू नकोस… हो, एक… चष्मा राहू दे गं, वरच्या ओळीतला पहिलाच आकडा, डावीकडचा, तो दाब, आणि बोल त्याच्याशी…