क्रिप्टमधलं डोहाळजेवण

नाही, पण माझं चुकलं काय ते तरी सांगा की! बाईनं शब्दाचा अर्थ विचारला, मी सांगितला. अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलेला माणूस मी, मला कुणी अर्थ विचारला तर काय माहीत नाही म्हणून मान हलवू? विचारलं, म्हणून सांगितलं. तर आमची मालती, म्हणजे आमचं कुटुंब, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, आणि बोलत नाही ते परवडलं, पण बघते हो...

आता मुळापासून ऐका. आमच्या सोसायटीच्या इमारतीखाली तळघर आहे. बिल्डरनं गाड्या लावायला म्हणून काढलेलं, पण पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी! शेवटी चेअरमन मानसिंगराव म्हणाले, पाणी अडवू, फरशी घालू, घरगुती कार्यक्रमांना हॉल करू. केला, आणि तुम्हाला सांगतो, झकास केला. नाव काय द्यायचं? मी आपलं 'मंगल' सुचवलं. पण मानसिंगरावांचा ऋतुराज पुण्यात हॉटेलांची सजावट करतो, तो म्हणाला, काका, मंगल गल्लोगल्ली आहे, काहीतरी भारी पाहिजे, 'क्रिप्ट' ठेवू. सगळे म्हणाले, वा वा! अर्थ? मी समोरच्याच खुर्चीत बसलो होतो, कुणी विचारला का? नाही विचारलं, म्हणून नाही सांगितलं. लागली दारावर हातभर पितळी अक्षरं.

आणि त्या हॉलात पहिला कार्यक्रम कुणाचा? आमच्या श्रावणीच्या डोहाळजेवणाचा! पोरीला सातवा महिना, रविवारी कार्यक्रम, सोमवारी ती पुण्याला परत जाणार, लग्नसराई असल्यामुळे सोलापुरात दुसरा हॉल मिळेल तर शपथ. माळशिरसहून विहीणबाई अठरा बायका घेऊन यायच्या होत्या. झोपाळा सांगितलेला, फुलांच्या वाड्या सांगितलेल्या, आणि मालतीनं मला बजावलेलं, की रविवारपर्यंत तुम्ही कशात बोलू नका.

शनिवारी सकाळी जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या नागव्वा भेटल्या. सत्तरी उलटलेल्या, मूळच्या अक्कलकोटकडच्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात दुधाची पिशवी. म्हणाल्या, "मास्तर, ते खाली क्रिप्ट म्हणून लिवलंय, ते काय असतंय वो?"

बघा! चाळीस घरांत अर्थ विचारणारी ही एकटी. मला तर भरून आलं. म्हटलं, मावशी, मूळ ग्रीक शब्द, क्रुप्तोस, म्हणजे लपलेलं, दडवलेलं. तिथून लॅटिनमध्ये क्रिप्ता, म्हणजे भुयार, तळघर. मग पुढं चर्चच्या खाली जी दगडी दालनं असतात त्यांना तो शब्द चिकटला, तिथं संतांच्या अस्थी ठेवायचे, बिशपांना पुरायचे... इथं थांबायचं की नाही मी? पण माझा तास घंटा झाल्याशिवाय संपत नाही ना! नागव्वांनी डोळे मोठे करून विचारलं, खाली माणूस पुरल्याला असतोय म्हणता? असतोय, म्हणालो मी. आणि आनंदानं म्हणालो.

दुपारपर्यंत चाळीसही घरांत बातमी. गरोदर बाईला असल्या जागी बसवणार? बायका एकेक करून मालतीला सांगायला लागल्या, अहो, आमचं उद्या जमेलसं दिसत नाही. माळशिरसला कुणी कळवलं देव जाणे, पण विहीणबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज असा संथ, "आमी येतो वो, पण सूनबाईला त्या तळघरात बसवायचं न्हाय. रस्त्यावर पंगत घाला, चालंल." मालतीनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. विचारलं म्हणून सांगितलं गं, म्हटलं मी.

मग मी निस्तरायला गेलो. बायकांना गोळा केलं, म्हटलं, मूळ अर्थ नुसता 'लपलेलं' एवढाच आहे. तर एकजण म्हणाली, काय लपवलंय? काही नाही, म्हटलं. मग पाणी का येत होतं? आता याला ग्रीक भाषेत काय उत्तर आहे, सांगा!

घरी आलो तर श्रावणी पलंगावर बसलेली, डोळे लाल. "बाबा, माहीत नाही असं एकदा तरी म्हणायचं होतं ना," एवढंच बोलली. तेव्हा मात्र मला खरंच फार वाईट वाटलं. पोरीनं हौसेनं मागितलेली एक गोष्ट, आणि मी ती व्युत्पत्तीपायी घालवली.

तसाच दुसऱ्या मजल्यावर गेलो. म्हटलं, मावशी, सगळ्यांना सांगा, मास्तरनं अर्थ चुकीचा सांगितला. मी म्हटलं हे, मी! नागव्वा म्हणाल्या, "खोटं कशाला बोलायचं? देवाच्या घराखाली मोठ्या माणसाला ठेवलंय, म्हंजे समाधीच की ती. आमी सिद्धरामेश्वराच्या समाधीपुढं लेकरं ठेवतो, तितं भ्या न्हाय, मग हितं कशाचं?" आणि नारळ घेऊन हेच सांगत निघाल्या की हो दारोदार!

रविवारी ऐंशी बायका आल्या. विहीणबाई अठरा म्हणाल्या होत्या, बावीस घेऊन आल्या. श्रावणी झोपाळ्यावर बसली, हसली, माझा जीव भांड्यात पडला. फक्त चपला सगळ्यांनी बाहेर काढल्या आणि पितळी अक्षरांना हळदकुंकू वाहिलं. म्हटलं, वाहू दे.

पण प्रकरण तिथं थांबलं नाही ना! सोमवारी हॉलच्या दारात दोन नारळ. पुढच्या आठवड्यात घंटा. मग मानसिंगरावांनी पाटी लावली, आत अंड्याचा केक आणू नये. आता दर सोमवारी संध्याकाळी तिथं पंचवीस बायका जमतात आणि नागव्वा मला निरोप धाडतात, मास्तर, माहात्म्य सांगायला या. मी पहिल्याच वेळी सांगून टाकलं, बायांनो, इथं कुणीसुद्धा नाही, फरशीखाली नुसती पाण्याची टाकी आहे. त्यांनी टाकीला हात जोडले.

काय करणार? जातो. ग्रीकपासून सुरू करतो, लॅटिनवरून चर्चमध्ये येतो. अठ्ठावीस वर्षांत एका वर्गानं माझी एक व्युत्पत्ती शेवटपर्यंत ऐकली नाही हो... या ऐकतात. वर खोबरं-साखर देतात.