तक्रार आढळून आली नाही

…तसं नाही मॅडम, मी ऐकतोय, तुम्ही सांगा — नाही, खरं तर सांगूही नका, कारण काय आहे, तुम्ही बोलत राहिलात की मला गाडी ऐकू येत नाही. पट्टा लावा. हां. आणि ती वही ठेवा बाजूला, तारखा-वेळा मघाशी काउंटरवरच्या मुलीने वाचून दाखवल्यात — चार महिन्यांची नवी गाडी, चौथी खेप, आणि दर वेळी रड तीच. गरम झाली, हळू वेगात डावीकडे वळली, की बंद. स्टिअरिंग दगडासारखं जड. समोरचे सगळे दिवे पेटतात, किल्ली परत फिरवली की जणू काही झालंच नाही. बरोबर? आणि आमच्या वर्कशॉपला आणली की शहाण्या बाळासारखी चालते. दातांच्या डॉक्टरकडे गेलं की दाढ दुखायची थांबते, तसं. सगळेच सांगतात. — म्हणजे सगळे नव्हेत, बोलायची पद्धत. गिऱ्हाईक काय, काहीही सांगतं. एकांची तक्रार होती की गाडीत रात्रंदिवस कुणीतरी कण्हतंय; बघतो तर सीटखाली लेकराचं खेळणं, सेल संपत आलेले. तुमच्या मागच्या त्या छोट्या खुर्चीत कोण बसतं, मुलगी? किती वर्षांची? चार. बरं.

मला इथे कानसेन म्हणतात. हसा, हसा, सगळे हसतात. तीस वर्षं झाली मला. पूर्वी आम्ही लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचो, टोक इंजिनावर, मूठ कानाला, आणि तिथल्या तिथे सांगायचो, तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह सैल आहे — उघडलं की तोच निघायचा. आता तसं केलं तर वरचे साहेब काचेआडून बघून हसतात. आता वायर जोडायची, कॉम्प्युटरवर कोड आला तर दोष आहे, नाही आला तर नाही. आणि घोडं इथेच पेंड खातं बघा, ही गाडी बंद पडून परत चालू केली की कॉम्प्युटरमधली ती नोंदच पुसली जाते. मग मी काय लिहायचं? कंपनीचं पत्रक आहे, पडद्यावर काही नसेल तर काय लिहायचं ते शब्दसुद्धा त्यांनीच दिलेत — ट्रायल घेतली, तक्रार आढळून आली नाही. खाली सही. तुमच्या तिन्ही कागदांवर ती जी वाकडी सही आहे ना, ती माझीच. आज मात्र मी म्हटलं, कॉम्प्युटर राहू द्या, या मॅडमबरोबर मी स्वतः जातो. का म्हटलं? असंच. असंच नाही — पण राहू द्या ते.

एसी बंद करू नका. गार वाटलं तरी राहू द्या. आपण या गोदामांच्या मागच्या रस्त्याने फेऱ्या मारू, इथे वर्दळ नसते, सगळी वळणं डावीच आहेत, वीस मिनिटं मारल्या म्हणजे — वीसच का? अहो, तुमच्याच वहीत असेल ना लिहिलेलं. नाही लिहिलं? मग दुसऱ्या कुणाच्या वहीत असेल. वह्या सगळेच आणतात.

हीच गाडी, हाच रंग, माझ्या बहिणीकडे आहे. होती. ताई माझी, थोरली. मीच घ्यायला लावली. भावोजी म्हणत होते, जुनी एखादी बघू, या वयात नवी कशाला. सव्वीस वर्षं बस चालवली त्या माणसाने, शहरातली बस, गर्दीची, आणि एक ओरखडा नाही. निवृत्त झाले तेव्हा डेपोतल्या लोकांनी वर्गणी काढून भिंतीवरचं घड्याळ दिलं, त्यावर तेच कोरलंय, एकही अपघात नाही म्हणून. मी म्हटलं, भावोजी, जन्मभर दुनियेला फिरवलंत, आता ताईला फिरवा. नवीच घ्या, मी आहे ना. ‘मी आहे ना’ म्हणायला काय, जीभ उचलायची आणि टाळ्याला लावायची. दीड महिन्यात गाडी पहिल्यांदा बंद पडली. इथे आणली, मी ट्रायल घेतली, परत पाठवली. असं पाच वेळा. पाचही कागद माझ्या हातचे.

आता तुम्ही म्हणाल, सख्ख्या बहिणीची गाडी, तरी? अहो, म्हणूनच तर. साहेब म्हणाले, नातेवाइकाची गाडी आहे, जपून लिही, उद्या लोक म्हणतील घरच्यांसाठी खोटं लिहिलं. मग घरच्यांसाठी खोटं लिहायला नको म्हणून मी — जाऊ द्या. पण हातावर हात ठेवून बसलो नव्हतो हां. भावोजींना बाजूला घेऊन सांगितलं, बंद पडली की घाबरायचं नाही, ब्रेक एकदाच घट्ट दाबायचा, गाडी न्यूट्रल करायची, किल्ली मारायची, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं. तीन सेकंदांचं काम. त्यात काय, आत वायरींचा एक जुडगा आहे, तो पूर्ण डावीकडे वळताना कशावर तरी घासतो. हे मला कुणी सांगितलेलं नाही, कानाने कळलं. बंद पडायच्या आधी टक् असं होतं, अगदी बारीक, नख कापल्यासारखं. किती गाड्यांमध्ये ऐकलंय मी ते टक्. पण नुसतं टक् झालं तर पत्रकात त्याला जागा नाही. गाडी बंद पडली तरच ती तक्रार. आणि माझ्या हातात ती एकदाही बंद पडलेली नाही, एकदाही, हे मात्र खरं आहे. एवढं एक तरी खरं आहे.

तीन सेकंद, मॅडम. वळणावर एक बाई रस्ता ओलांडायला उभ्या होत्या, दोन्ही हातांत पिशव्या. गुडघा गेला त्यांचा. जिवंत आहेत, काठी घेऊन चालतात. भावोजींवर केस झाली, निष्काळजीपणे गाडी चालवली म्हणून. त्यांनी सांगितलं, गाडी बंद पडली. पोलिसांनी आमच्याकडून पाच कागद मागवले, पाचांचं तोंड एक. मग भावोजी म्हणाले, अहो, माझ्या मेव्हण्यानेच मला शिकवलं होतं बंद पडल्यावर काय करायचं ते, विचारा त्याला. आले विचारायला. तुम्ही असं काही सांगितलं होतं का? — थांबा, त्या सायकलवाल्याला जाऊ दे पुढे. — साहेब काचेपलीकडे उभे. आता सांगितलं होतं म्हणालो तर मला माहीत होतं, आणि माहीत होतं तर पाचही कागद खोटे. पाच कुठले, गठ्ठेच्या गठ्ठे. मी म्हटलं, नाही. तेवढंच. नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो.

ताई घरी आली होती. चप्पलही काढली नाही, दारातच उभी. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, ते पहाटे उठायचे, निवृत्त झाले तरी डेपोच्या वेळेला दाढी करून बसायचे, आता दहा वाजले तरी भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात, घड्याळ काढून ठेवलंय. म्हणाली, वकील सांगतो एकच कागद आणा, त्याच वर्कशॉपचा, त्याच गाडीचा, कुणाच्याही नावावर असू दे, वळणावर बंद पडते असं लिहिलेला — एक कागद असला तरी केस फिरेल. परवा तारीख आहे. मी म्हटलं, ताई, माझ्या हातात बंद पडली तर त्याच दिवशी लिहून देतो, तुझी शपथ. पण पडलीच नाही तर खोटं कसं लिहू? ती नुसती बघत राहिली. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की अशीच बघायची, आणि मग आईला जाऊन सांगायची, माझ्याकडून फुटलं. मार तिने खाल्लाय, मॅडम, माझ्या वाटचा. मोजून नाही सांगता येणार इतका.

म्हणून आलो आज. शोधून काढली मी तुमची गाडी यादीतून, मघाशी असंच म्हटलं ते असंच नव्हतं. झाली बघा वीस मिनिटं, इंजिन पुरतं गरम आहे, आता हे वळण घेऊ. वेग पंधरा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, आणि — ऐकलंत? ते, ते टक् —

काही नाही. काही नाही झालेलं, थांबलोय आपण. भिंत लांब आहे. हातभर आहे, पण आहे. तुम्हाला लागलं नाही ना? एक मिनिट बसू या. … हललं नाही ते चाक. दोन्ही हातांनी ओढलं मी, नुसता लटकलो त्याला, हललं नाही. भावोजी साठीचे आहेत. आणि ते न्यूट्रल, किल्ली, काय काय शिकवलं होतं मी त्यांना — मला काहीच आठवलं नाही. मला, ज्याने शिकवलं त्याला. म्हणे तीन सेकंदांचं काम.

हं. झाली बघा चालू. दिवे गेले. आता लावा कॉम्प्युटर, पाटी कोरी.

हो, झालं, माझ्याच हातात झालं, मी कुठे नाही म्हणतोय? लिहीन की. शपथ घेतली आहे, लिहायलाच हवं. आज संध्याकाळी ताईला नेऊन देईन कागद. फक्त कसं लिहायचं ते जरा — कारण बघा, आज आढळली, तर मागच्या तीन खेपांना का नाही आढळली, हा प्रश्न येणारच. तुमच्या तीन, ताईच्या पाच, बाकीच्यांच्या किती. आणि विचारणार कुणाला? साहेबांना नाही विचारणार, कागदावर त्यांची सही नसते. निवृत्तीला सव्वादोन वर्षं राहिली माझी. नाही, नुसत्या नोकरीचं नाही, नोकरी गेली खड्ड्यात. त्या बाईंचा गुडघा आहे ना. आत्ता तो भावोजींच्या नावावर आहे. मी लिहिलं की तो उठून माझ्या नावावर येतो. एवढंच आहे, दुसरं काही नाही. भावोजींना निदान ठाऊक आहे की त्यांची चूक नव्हती. मला ते सुख पण नाही मिळायचं.

आणि वळताना खड्डा होता. होता ना? तुम्ही बाहेर बघत होतात. माझा क्लच लवकर सुटला असेल. पन्नाशी उलटल्यावर पाय पूर्वीसारखा राहत नाही, बोलण्याच्या नादात होतो, रडगाणं लावलं होतं मघापासून. अशी कुणाचीही गाडी बंद पडते.

आलो आपण. इथे सही करा. काय वाचताय, छापीलच असतं ते वाक्य, फक्त तारीख टाकायची असते. — नाही करत? नका करू. खाली तो चौकोन आहे, ग्राहकाने सही करण्यास नकार दिला, तिथे मी खूण करतो, त्यासाठीच ठेवलाय तो. तक्रार करा, जरूर करा, कोर्टात जा. मला बोलावतील. मी काय सांगेन ते तुम्हाला कळलंच आहे आता. असं बघू नका माझ्याकडे. एक ऐका, मुलीला शाळेत चालत नेत जा. नाहीच जमलं तर लांबून, उजव्या वळणांचा रस्ता धरा. हे मी सांगितलेलं नाही. तुमची पर्स राहिली बघा मागे. उतरा, मॅडम, दुसरी गाडी ट्रायलला उभी आहे.