लाईटची पेटी

न्हाई न्हाई, पलंगावर न्हाई, हितं टेबलावरच उघडा — पलंगावर ठेवलेली चांगुणाबाईला चालत न्हाई. म्हणजे घर तिचं, पेटी तिची, मी आपली शेजारची, शिवकांता. तुम्हाला फोन केला ती मीच. चावी? चावी माझ्याकडंच असती की. वीस दिवस झाले, ती नांदेडला गेली लेकीच्या बाळंतपणाला, जाताना म्हणली, शिवकांताबाई, घराकडं बघा. आता बघा म्हणल्यावर बघावंच लागतंय! आमचे रेवणप्पा म्हणतात, तुझं नाक भिंतीतून पलीकडं निघालंय. म्हणू द्या. — बसा, आदिनाथदादा, ती खुर्ची घ्या, गोलाईतल्या दुकानातनं उन्हाचं आलाव. पण हात जरा उचला. आत्ताच चांगुणाबाईचा फोन आलाय, बस अहमदपूरहून निघाली म्हणून. अहमदपूर, मग चाकूर, मग लातूर — दीड घंटा धरा. संगं लेक लुंबिनी हाय, आणि तिचं बाळ. मुलगी झाली हो! पहिल्यांदा आजोळी यायलीय ती. आणि ही लाईटवर वाजणारी पेटी बोलत न्हाई.

कधीपासून म्हणजे — असंच. आपोआप. परवापर्यंत चांगली... मला काय मालूम परवापर्यंत कशी होती, मी काय रोज लावते का? बटण दाबलं, लाल दिवा लागला न्हाई, एवढंच. वायर हलवून बघितली. भिंतीवरचं बटण बदलून बघितलं. वरनं दोन थापा मारल्या, आमच्या टीव्हीला मारते तशा — हळूच! असं काय बघालाव माझ्याकडं? वास? जळका? न्हाई हो, मेणबत्तीचा असंल. ती रोज सांजच्याला मालकाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावती, तो वास बसलाय घराला. तुम्ही आपले स्क्रू काढा. चहा ठेवू का? — तिच्याच घरात तिचाच चहा, मला डबे माहीत हाईत सगळे.

तीस वर्षांची पेटी हाय ही, जपानची. आनंदराजभाऊंनी हैदराबादहून आणलेली, तीपण दुसऱ्याच्या हातची. चांगुणाबाईचे मालक ते. एस्टीत मेकॅनिक होते, पण जयंती जवळ आली की घरात सापडायचे न्हाईत — गायन पार्टीत पेटीवर हेच, औश्यापासून देगलूरपर्यंत. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. अटॅक. तर काय सांगत होते — लुंबिनी पाळण्यात होती तवा भाऊंनी तिच्यासाठी एक चाल बांधली. गाणं न्हाई, बोल न्हाईत, नुसती चाल. आणि ह्या पेटीतच भरून ठेवली. हे बटण बघा, पांढरी पट्टी चिकटवलेलं. निळ्या पेनानं काय लिवलंय? ‘लुं’. ते दाबलं की भाऊच वाजवत बसलेत असं वाटतंय, डोळे मिटून ऐकलं तर. ते गेल्यापासून चांगुणाबाई रोज मेणबत्ती लावती आणि ‘लुं’ दाबती. भिंत एकच, पलीकडं माझी चूल. चाल सुरू झाली की मी तव्यावरची भाकर पलटायची, चाल संपली की उतरवायची. दोन वर्षं अशाच भाकरी केल्यात मी. ती नांदेडला गेल्यापासून माझ्या भाकरी करपून राहिल्यात, खोटं वाटलं तर आमच्या मालकाला विचारा.

मोबाईलमध्ये? न्हाई ना भरली. लुंबिनी दरखेपी म्हणायची, आई, मोबाईलमध्ये घेते. ही म्हणायची, पुढच्या खेपेला घे, आत्ता जेव. आता बाळाला आणून ह्या टेबलापुढं मांडीवर घ्यायचं आणि ‘लुं’ दाबायचं, असं ठरलंय त्यांचं. म्हणून म्हणते हात उचला.

काय? पिन, तो ॲडॅप्टर, कुठला लावला होता? ही काय — हितलीच. हितलीच म्हणजे... बरं, ऐका. आमच्या छत्रीच्या डब्याची पिन हाय ती. टीव्हीच्या. हिची पिन सापडंना, कपाटात असंल, कपाटाची चावी न्हाई माझ्याकडं. परवा सांजच्याला भाकर टाकली आणि मला काय झालं कोण जाणे — वीस दिवस भिंत गप म्हणजे काय असतंय, तुम्हाला काय सांगू? लाईट गेल्यावर पंखा बंद होतो, तवा कळतंय की त्याचा आवाज होता, तसं. तवा तसाच ठेवला, आले इकडं, पिन लावली — चांगली घट्ट बसली हो! बटण दाबलं — टक. एवढंच. आणि जरासा धूर, उदबत्तीएवढा. रेवणप्पाला सांगितलं न्हाई मी. तुम्हीपण सांगू नका, कुणालाच. — काय म्हणताव? उलटी? आमच्या पिनीत मधी अधिक, आणि हिला मधी उणे लागतंय? मग भोक एकसारखं कामून केलं त्यांनी! बसली म्हणल्यावर बाई लावणारच की! मला काय आतलं दिसतंय? मी सातवी शिकलेली. असलं होत असंल तर वर लिवून ठेवावं मराठीत!

किती जळलंय? तेवढाच? तांदळाएवढा तुकडा? आणि बाकी शाबूत? अहो मग देवासारखे आलाव तुम्ही. मी परवापासून जेवले न्हाई धड. बदला, बदला. — थांबा, फोन... व्हय, चांगुणाबाई. चाकूर आलं? बरं बरं. बाळ झोपलंय का? झोपू द्या. मी? मी घरीच, काय करणार, काय न्हाई. या, या. — चाकूर आलं, दादा. मला खोटं बोलता येत न्हाई बघा.

लागला! तुमच्या पिनीनं दिवा लागला! लाल, तोच लाल! आणि दाबून बघितलं तर आवाज — अहो, तुम्हाला तर वाजवता येतंय की! बोटं कशी पळायलीत. हुश्श. रेणुकामाय पावली. आता काय राहिलं? सेल? सेलाचं इचारताव होय? — ते न्हाईत. त्याचं टेन्शन घेऊ नका, ते मीच साफ केलंय. आठ दिवसांखाली झाडायला आले, तर मागच्या झाकणातनं पांढरं पीठ गळालेलं, मुंग्यांच्या औषधासारखं. झाकण काढलं तर सहा जाड सेल, फुगलेले, हिरवे पडलेले. म्हणलं चांगुणाबाईचं लक्ष न्हाई, नातीच्या नादात. सगळे सेल काढले, घंटागाडीत टाकले, आतनं जुन्या ब्रशानं घासून काढलं — बघा की कसं लख्ख केलंय, कुणी म्हणंल तीस वर्षांची हाय?

काय झालं? हात का थांबवला तुम्ही?

सेलावर? ती चाल सेलावर राहत होती? म्हणजे पिन काढली तरी सेल हाईत तवर ध्यानात ठेवती, आणि सेलपण काढले की — थांबा. थांबा जरा. म्हणूनच ती पिन लावून सेल बदलायची! दर दिवाळीला. भाऊ करायचे तसंच करायची, आधी पिन लावायची, दिवा लागला का बघायची, मग एकेक सेल काढायची. मी खिडकीतनं बघायचे आणि म्हणायचे, लाईट चालू ठेवून हात घालती, एवढी शिकलेली बाई आणि अक्कल न्हाई. — दाबा. ‘लुं’ दाबा. दाबा म्हणते ना. परत. जोरात दाबा, जुनं बटण हाय, अडकत असंल.

म्हणजे पिनीनं न्हाई गेली. पिनीनं पेटी गेली, ती तुम्ही परत आणली. चाल मी ब्रशानं घासली.

दादा, मला येती ती चाल. म्हणून दाखवते, तोंडपाठ हाय — हं हंहं, हं हंहं, हं — तुम्ही वाजवा. वाजवा हो, आणि त्याच बटणात भरा. कुणाला कळणार हाय? चाकूरहून पाऊण घंटा लागतो. हं हंहं — तसंच! अगदी तसंच. आता वर जायचं, परत खाली, आणि हितं थांबा. न्हाई, थांबायचं हितं, चुकलं. दोन ठोके गप बसायचं, मग पुढं. अशीच हाय ती. का म्हणजे — मी कडी वाजवली होती. भाऊ भरत बसलेले आणि मी विरजणाला आले, दोनदा कडी वाजवली, म्हणलं, चांगुणाबाई, दही हाय का? ते थांबले, हातानं गप म्हणले, आणि पुढं वाजवत गेले. मागनं मी लाजले, म्हणलं, भाऊ, माझ्यापायी बिघडलं, पुन्हा भरा. ते हसले. म्हणले, राहू द्या शिवकांताबाई, शेजार पण आला त्यात. — मी भाकर पलटते ना, ती त्याच जागी. माझ्या जागी.

बरं. पहिल्यापासून. मी टेबलावर टकटक करते, तवा थांबा तुम्ही.

...

भरली? ऐकवा. — तंतोतंत. तंतोतंत हो. डोळे मिटले तर —

पुसा.

पुसा म्हणते ना, आदिनाथदादा. राग मानू नका, हात चांगला हाय तुमचा. पण ते बाळ आजोबाचं म्हणून ऐकंल, आणि ते असंल गोलाईतल्या आदिनाथदादाचं. आणि चांगुणाबाई मेणबत्ती लावून रोज तुम्हाला ऐकंल, आणि मी भिंतीपलीकडं भाकर पलटत बसंन. न्हाई जमायचं मला. रिकामं ठेवा. नवे सेल घाला — मी आणलेत, त्या पिशवीत हाईत — पिन लावूनच घाला. मी सांगते तिला. तिला पण येती चाल, लुंबिनीला पण येती. भरायची तर त्यांच्या बोटानं भरतील, न्हाई तर न्हाई. मला आयुष्यभर बोलली न्हाई तरी भिंत काय कुठं जात न्हाई.

स्क्रू लावा. झालं? मग निघा तुम्ही, दादा. मागच्या दारानं नको, चोरासारखं — पुढनंच जावा. ऑटो थांबला का बाहेर? बाळ रडतंय. कसं रडतंय बघा, नांदेडचं पाणी! मी काय म्हणू तिला आधी? आधी बाळ घेऊ, का आधी —

कडी वाजली. दोनदा.

गप बसा, दादा. मला पण दोन ठोके गप बसू द्या.