यंदा जेवण नाही

मंडळी, ऐका. एक प्रश्न टाकतो. संकटातून कुणी सोडवलं, तर आपण त्याचे पाय धरतो. पण ज्यानं संकट येऊच दिलं नाही — त्याला आपण ओळखतो तरी का? बघा, लागला की नाही सगळा मंडप एकमेकांकडं बघायला!

तर इचलकरंजीकडं विणकरांची एक पतसंस्था होती. चेअरमन भूपाल मगदूम, सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. यंत्रमागाला मंदी आली. गल्लीगल्लीतली खडखड थांबली हो! माणसं संस्थेतल्या शिलकीवर चूल पेटवू लागली. आण्णांना एकच धास्ती — एक दिवस जरी काउंटर बंद राहिलं, तर "बुडाली, बुडाली" अशी बोंब उठणार, आणि धडधाकट संस्था खरंच बुडणार.

खर्च कापायला बैठक बसली. संगणक सांभाळणारी रेहाना मुजावर म्हणाली, "आण्णा, सायबर सुरक्षेचा करार संपतोय. तो गेला तर आपल्या संगणकांवर पहारा राहणार नाही."

एक संचालक हसले. "इतक्या वर्षांत चोर आला का? मग राखणदार कशाला पोसायचा?"

वा रे शहाणपण! साप निघाला नाही म्हणून दाराची फट उघडी ठेवता का तुम्ही?

आता कापण्याजोगं उरलं एकच, वर्धापनदिनाचं जेवण. सगळ्या सभासदांची पंगत, हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, पातेली! आण्णांच्या वडिलांनी घातलेली प्रथा ती, कधी चुकली नव्हती. आण्णांनी खर्चाच्या यादीतल्या जेवणावर काट मारली. मग म्हणाले, "यंदा जेवण नाही. करार करा."

गाव ऐकतंय होय? "चेअरमन चिक्कू निघाला!" सख्खा मेहुणा तोंड फिरवून जाऊ लागला. आण्णांना लागलं, फार लागलं, पण करार मोडला नाही.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी काउंटरपुढं ही रांग! आणि रेहाना केबिनमध्ये आली, चेहरा पांढराफटक.

"आण्णा, बाहेरचं कुणीतरी आत घुसलं होतं. सगळ्या नोंदींना कुलूप घालून खंडणी मागायचा डाव होता. पहाऱ्यावरच्यांनी वेळेत धरलं. एक संगणक गेला, बाकी शाबूत आहेत."

"काउंटर?"

"चालू आहे, आण्णा."

बाहेर रांगेला पत्तासुद्धा नाही! तेवढ्यात दारात कोण? मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी गंगव्वा, नोटा पदराला बांधत उभी.

"पैसं मिळालं आण्णा. पर यंदा जेवान बुडीवलंसा की. पोरं वाट बघत हुती."

आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "बोल गंगव्वा, पोटभर बोल मला." आणि रेहानाकडं वळून त्यांनी हात जोडले. "पोरी, ही बाई आज पैशासाठी ऊर बडवत बसली असती. तुझ्यामुळं जेवणासाठी भांडतीया. तुझे उपकार फिटायचे नाहीत."

मंडळी, आता तुमच्याकडं वळतो. सकाळपासून कशाकशावर कुरकुरलात? चहा गार झाला, भाजी अळणी लागली... कुरकुरा खुशाल. पण तुम्हाला एवढं निवांत कुरकुरता यावं म्हणून कुणीतरी पहाऱ्यावर बसलंय. त्याचं नाव ठाऊक नसेल. नसू दे. हात तर जोडता येतात ना? जोडा की मग. मी जोडलेत.