पांढऱ्या चकतीला लावलेले कुंकू

दि. २४/१०/२००८

नाव : फुलाबाई विश्राम पडळघरे, वय ५१ वर्षे, धंदा : कंपनीत साफसफाई, रा. रिहे, ता. मुळशी, जि. पुणे.

मी कोणी न बोलावता आपणहून ठाण्यात येऊन सांगते की, भुकूम येथे धान्यातले तेल व ओल उजेडाने मोजणारी यंत्रे बनवण्याची कंपनी आहे. तेथे मी सहा वर्षे झाडलोट करते. यंत्राला काचेच्या तंतूंची दांडी असते, तिला प्रोब म्हणतात. प्रत्येक प्रोब आधी एका पांढऱ्या चकतीवर टेकवून जुळवतात. ते काम अतुलसाहेबांचे. चकतीला हात लावायचा नाही, हे मला पक्के माहीत होते.

८ तारखेस खंडेनवमीला सर्वांनी आपापल्या यंत्राची पूजा केली व घरी गेले. चकती तशीच राहिली. सगळी यंत्रे जिच्यावरून जुळवतात तिलाच कुंकू नाही, हे मला बघवेना. समईची वात सारलेल्या बोटानेच मी तिला कुंकू लावले. मग घाबरून स्पिरिटच्या बोळ्याने पुसले. लाली गेली. कोणाला बोलले नाही.

त्यानंतर त्या चकतीवर अकरा प्रोब जुळवले गेले. गिरण्यांत ते सोयाबीनमधले तेल कमी दाखवू लागले. अतुलसाहेबांनी राजीनामा दिलेला होता. जाताजाता त्यांनी मुद्दाम नासधूस केली, अशी तक्रार मॅनेजर मनीषसाहेबांनी दिली.

आज सकाळी हवालदारांसमोर अतुलसाहेबांनी प्रोब चकतीवर टेकवला. पडद्यावरची रेघ एके ठिकाणी खाली बसली. नव्या चकतीवर ती सरळ आली. ते म्हणाले, "हे तेल आहे. कुठून आलं, मला माहीत नाही." मी फडके घेऊन दारात उभी होते. फडक्यासकट माझे हात जुळले. हा उजेड माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, असे तेच सांगतात. त्या उजेडाला माझे बोट सोळा दिवसांनी दिसले. देवळातही माझे हात असे आपोआप जुळले नव्हते.

चकती त्यांच्याच ताब्यात असते, म्हणून हवालदार अतुलसाहेबांना गाडीतून ठाण्यात घेऊन गेले. मी मागोमाग सिक्स सीटर रिक्षाने आले.

मी सांगायला लागले तेव्हा अतुलसाहेब बाकावरून म्हणाले, "मावशी, हे लिहून दिलंत तर तुमची नोकरी जाईल." हवालदारही लिहायचे थांबले. मी म्हणाले, "जाऊ द्या. त्या उजेडाला दिसलंय, आन् मी न्हाई म्हनू व्हय? लिवा तुमी."

लिहिलेले मला वाचून दाखवले. मी बोलले तसेच आहे. अतुलसाहेबांना घरी जाऊ द्यावे.

निशाणी अंगठा : फुलाबाई विश्राम पडळघरे