मडमेच्या कड्यावरची बदली

ऐका. शेगडी मधे घ्या आणि ती बॅटरी बंद करा, डोळ्यांत मारू नका. मधे कुणी हसलं तर मी गप्प बसेन, मग जा आपापल्या घरी.

पंचवीस वर्षं झाली. आपल्या डोंगरावर गाडी येत नाही, तेव्हाही येत नव्हती. साहेबाच्या वेळचा नियम. पाहुण्यांना गोड वाटतो. तांबडी माती, जांभळीची सावली, घोडे, शेकरू, वा वा! घरात बाई अडली की कळतं नियम काय असतो ते.

माझी वहिनी सुंदरा अडली. धोंडूदादाची बायको, पहिलटकरीण. दिवेलागण होऊन गेलेली. सुईण म्हणाली, "पोर आडवं आहे. खाली दवाखान्यात न्या, नाहीतर दोन्ही जीव जातील." खाली म्हणजे आधी नाका, नाक्यावर जीप. आणि नाक्यापर्यंत डोली.

वेताची खुर्ची, दोन बाजूंना दोन लांब दांडे, चार खांदे. पण माणसं लागतात आठ. चार उचलायला, चार बदलीला. बदलीवाला मागून येतो, दांड्यावर दोनदा टिचकी मारतो. उचलणारा खांदा काढतो, हा घालतो. बोलायचं नाही, मागं बघायचं नाही, डोली थांबवायची नाही. पिढ्यान् पिढ्यांची सवय ती. झोपेत टिचकी मारली तरी आपले गडी खांदा काढतील!

त्या रात्री आठ कुठले? माणसं खाली भातकापणीला गेलेली. चारच मिळाले. पुढं दादा आणि गंगाराम ढेबे, मागं कोंडिबा आणि त्याचा मेहुणा लक्षा. कळ आली की बाई उसळते, म्हणून सुंदराला लुगड्यानं खुर्चीला बांधली. सगळ्यांच्या मागं मी, कंदील घेऊन.

मोठ्या रस्त्यानं नाका दोन तास. मडमेच्या कड्याजवळून पाऊण तास.

"तिकडून नको," गंगाराम म्हणाला.

"बायको तुझी आहे का?" दादा म्हणाला.

संपलं. वळलो.

आता ती वाट कुणी पाडली? एका साहेबानं. मडमेला बुडता सूर्य बघायचा असायचा, ती रोज डोलीतून जायची. एकदा धुकं दाटलं. गडी नको नको म्हणत होते, ती म्हणाली, चला. कड्यावरून पाचही गेले. मडमेच्या नावाचा दगड बघितलाय ना तिथं? वेलबुट्टी कोरलीय. उचलणाऱ्या चौघांची नावं कुठं आहेत? शोधा. मी शोधलीत.

तर ऐका. झाडीत शिरलो आणि धुकं उतरलं. कंदिलाचा उजेड हातभर. मग आवाज आला, टक टक. मला वाटलं कंदिलाची कडी वाजली.

थोड्या वेळानं बघते तर लक्षा माझ्या शेजारून चाललाय, खांदा चोळत.

"काय रे, दमलास?"

"बदली आली ना, आक्का."

मी बरं म्हणाले. मीही वेडी! चार पावलं गेले आणि मनात माणसं मोजली. बदली? कसली बदली? आम्ही घरातून निघालोच किती जण?

टक टक. कोंडिबा मागं आला. टक टक. गंगाराम आला, "मोकळा झालो बाबा," म्हणत. मी कंदील उंचावून पुढं घुसले. पुन्हा टक टक. खुद्द दादा बाजूला झाला, डोली पुढं जाऊ दिली, आणि मला विचारतो, "पाणी आहे का गं?"

तेव्हा मी ओरडले. "दादा, डोली कुणाच्या खांद्यावर आहे?"

त्यानं लक्षाकडं बघितलं. कोंडिबाकडं बघितलं. गंगारामकडं बघितलं. आणि स्वतःच्या रिकाम्या खांद्यावर हात ठेवला.

डोली पुढं चाललेली. दांडे अधांतरी. खाली ना खांदा, ना पाय. नुसता आवाज, चढाला गडी टाकतात तसा. हुं हुं, हुं हुं. चौघांचा. आणि खुर्चीत सुंदरा काय म्हणते, "वन्सं, किती छान चाललेत हो. हिसकाच बसत नाही."

मग डोली वाट सोडून डावीकडं वळली. दगडाकडं. कड्याकडं.

गडी खिळल्यासारखे. चार धट्टेकट्टे बाप्ये! मी पळाले. दांडा धरला, तर बर्फासारखा गार. मागं ओढते तर मीच फरपटतेय. पाय मातीत रुतवले, चपला गेल्या, डोली तसूभर थांबेना.

"वन्सं, पुढं वाट नाही!" आता तिला दिसलं होतं. "वन्सं, मला सोडवा!"

गाठ सुटेना. कमरेची कोयती काढली, लुगडं फाडलं, तिचा एक हात आणि मुठीत केस धरून ओढली. ती खाली आली, पण पोटावर आली. दगडावर. तो आवाज मला अजून येतो.

डोली थांबली नाही. तशीच, त्याच चालीनं कड्यापलीकडं गेली. मी कान देऊन बसले. पडल्याचा आवाज आलाच नाही. नुसतं हुं हुं, हुं हुं, लांब लांब जात राहिलं.

दादानं तिला पाठुंगळी घेतली आणि धावला. जीप मिळाली. सुंदरा वाचली. पोर मेलेलं निघालं. मुलगी होती.

आई म्हणाली, "तू मारलीस." दादा तीन वर्षं माझ्याशी बोलला नाही. आणि सुंदरा? दवाखान्यात तिसऱ्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "त्यांना माझं वाईट करायचं नव्हतं हो, वन्सं. ते आपलं काम करत होते."

"काम करत होते म्हणून जाऊ देऊ तुला?" मी म्हणाले. आजही तेच म्हणते. मी ओढली, मी आपटली, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा ओढीन. कुणाला नावं ठेवायची तर तोंडावर ठेवा.

आता तिथं फरशा बसवल्यात, कठडा केलाय. सोन्याचा करा. दिवसा पाहुणे फोटो काढतात, काढू देत. अंधार पडल्यावर त्या वाटेला आपल्यातल्या कुणी पाय टाकायचा नाही.

शेवंते, मान खाली घालू नको, तुलाच सांगतेय. तुझ्या सुनेला नववा लागलाय. उद्याच तिला खाली नाक्याच्या गावात नेऊन ठेव. आणि रात्री वेळ आलीच, तर मोठ्या रस्त्यानं जा. दोन तास लागतात, लागू देत. कुणी म्हणालं कड्याजवळून लवकर पोचू, तर त्याला माझ्याकडं पाठव.

आम्ही लवकरच पोचलो होतो.