लांबच्या प्रवासाची गाडी

...आणि वर मलाच विचारतात, "काशिनाथा, गाडी उलटी कित्या चालयलंस रे?" अहो, सुलटी चालली असती तर उलटी चालवली असती का मी? हौस होती मला, भर सकाळी पार्श्याच्या रस्त्यावर मान मोडेपर्यंत मागे बघत गाडी हाकायची? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं पाळी गावच्या खाणीवर टिप्पर चालवलाय मी, टिप्पर! लाल धुळीत पुढचं दिसत नव्हतं, तरी कधी कोणाच्या कोंबडीला धक्का लागला नाही. आणि त्या माणसाला ही बया एक फूट पुढे जाऊ देईना! आणि म्हणे लांबच्या प्रवासाची गाडी!

नाही, तुम्हाला सगळं सांगतो, नाहीतर तुम्हीपण हसाल. खाण बंद झाली, टिप्पर गेला, आणि मी आलो सासुरवाडीला. पार्श्याला. सिंधूच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, आईच्या घरी. आता सासुरवाडीला चार दिवस गेलं तर जावई, चार महिने राहिलं तर काय? अख्ख्या वाड्यावर, साऱ्या वस्तीत मला नावच राहिलं नाही हो! "तो मरे, सिंधूचो घोव." रेशनच्या दुकानात सिंधूचो घोव, देवळात सिंधूचो घोव, कुत्रंसुद्धा सिंधूचो घोव म्हणूनच भुंकायचं! रात्री छताकडे बघत पडायचो. स्टेअरिंग नाही ना हातात, तर हातांचं करायचं काय तेच कळत नव्हतं. म्हणून कृष्णनाथबाबांनी बोलावलं तेव्हा मी चप्पल न घालताच धावलो.

कृष्णनाथबाब म्हणजे आमच्या पार्श्याचेच, तीस वर्षं विलायतेत काढून परत आलेले. घर बांधलं साधं, पण गाड्यांची शेड? शेडीला फरशी, शेडीला पंखे! आत तीन गाड्या, तीन जमान्यांतल्या. साठ सालची पहिली. बोनेट एवढं लांब की पुढचं टोक धारगळला पोचलं तरी ड्रायव्हर पार्श्यातच! लाकडी स्टेअरिंग, चामड्याच्या सीटा, मागे पण दोन सीटा, पण त्यांवर माणूस बसत नाही, बॅग बसते. बाब सांगतात, "तेव्हाचो श्रीमंत माणूस ना काशिनाथ, सकाळी एका देशात चाय पियायचो आणि सांजेक दुसऱ्या देशात जेवायचो. ह्याच गाडयेन! कोटाक एक चुणी पडायची नाय!" मी विचारलं, "बाब, आणि पार्श्यात आल्यापासून ही कुठवर गेली?" बाबांनी बोनेटवर फडकं फिरवलं. म्हणाले, "पेडण्याच्या बाजाराकडेन. थंय स्पीडब्रेकरार पोट टेकला." मग? मग सहा जणांनी उचलून घरी आणली. लांबच्या प्रवासाची गाडी!

दुसरी ऐंशी सालातली. तिला एसी आला, आपोआप गिअर आला, कॅसेट आली, काचा बटणावर आल्या. वजन वाढलं, बाईसाहेबांचं अंग सुटलं. आणि तिसरी परवाची! पेट्रोलवर चालते, बॅटरीवर पण चालते, सीट पाठ चेपून देते, पुढे कोणी आलं तर स्वतः ब्रेक मारते. म्हणजे बघा, पहिलीला ड्रायव्हर नसेल तर ती लोखंड. दुसरीला ड्रायव्हर लागायचा, पण अर्धाच. आणि ह्या तिसरीला ड्रायव्हर म्हणजे आगाऊ पाहुणा! साठ वर्षं मोठमोठे इंजिनिअर डोकं खाजवत बसले ते कशासाठी? तर काशिनाथचं काम काढून घेण्यासाठी!

पण बाब म्हणाले, "गुरुवारी वास्कोक मेळावो असा, असल्या गाड्यांचो. मी बुधवारीच मित्रावांगडा जातंय. तू नवी गाडी धा वाजेपर्यंत थंय घेवन ये. वेळेर हाडलंस, तर तू कायम." कायम! कायम म्हणजे ड्रायव्हर काशिनाथ. कायम म्हणजे मला परत नाव!

गुरुवारी सकाळी सहाला शेड उघडतोय, तर सिंधू हजर. हातात झेंडूचा हार, लिंबू-मिरची, तांब्या, नारळ. "पयल्या दिसाक गाडी अशीच भायर काढतलास? बोडकी?" आता पाळीला आमचा टिप्पर हाराशिवाय कधी गेट ओलांडायचा का? नाही! मीच म्हटलं, बांध. आणि बांधला तो कुठे? बरोब्बर नाकावर, कंपनीच्या त्या चकचकीत बिल्ल्यावर, चांगला तीन पदरी! लिंबू-मिरची खाली लोंबत. साजरी दिसत होती हो, नवरीसारखी.

निघालो. वाड्यावरनं अर्धा किलोमीटर गेलो, गाव राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या घुमटीसमोर आलो, आणि टँव टँव टँव! डॅशबोर्डवरचा पडदा लाल! गाडीने स्वतःच करकचून ब्रेक मारला. पडद्यावर चित्र... पुढे अडथळा. मी बघितलं, पुढे कोणी नाही. उतरून बघितलं, कोणी नाही. परत बसलो, जरा पाय दाबला... टँव टँव टँव! पुढे आहे! कोण आहे? माणूस नाही, गुरं नाहीत, आणि समोर राखणदाराची घुमटी!

तुम्हाला सांगतो, मी तिथेच कान धरले. राखणदार आडवा उभा राहिलाय! पाळीला मी तिथल्या राखणदाराला रोज विडी ठेवायचो, आणि आज नव्या गाडीच्या मस्तीत न थांबता चाललो होतो!

तेवढ्यात शेजारची विमलाकाकी आली पाणी घेऊन. पडदा बघितला आणि कळशी तिथेच ठेवली. "गाडयेक दिसता, आमकां दिसणा नाय!" झालं! दहा मिनिटांत वाडा जमला. देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या गोपाळ गावकरांना बोलावलं. त्यांनी उपरणं सारखं केलं आणि गाऱ्हाणं सुरू. "बा देवा म्हाराजा..." "होय म्हाराजा!" "ह्यो सिंधूचो घोव..." बघा, देवासमोरपण! "...चुकलो असात, मुकलो असात, तर त्येका सांभाळून घे, आणि त्येची गाडी वाटेक लाव म्हाराजा!" "होय म्हाराजा!" विडी ठेवली, सोऱ्याची बाटली ठेवली, नारळ फोडला, आणि देवाच्या नावाने गाडीला अजून एक हार घातला. पहिल्याच्या वर!

बसलो. टँव टँव टँव टँव! आता तर दुप्पट!

साडेआठ वाजले. बाबांचा फोन, "खंय पावलंस?" काय सांगू? वाड्यावरच आहे सांगू? म्हटलं, "वाटेर असंय बाब." मग कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. एक पोरगी, प्राजक्ता म्हणून, गोड आवाज. "सर, गाडीच्या पुढे काही बांधलंय का?" मी म्हटलं, "दोन हार." "सर, त्या बिल्ल्यामागेच गाडीचा डोळा असतो, गाडी हलताना हार त्याच्यावर घट्ट बसला असेल. हार काढा सर, लगेच चालेल."

हार काढा! इतकं सोपं! मी हात घातला आणि गोपाळ गावकर ओरडले, "खबरदार! गाऱ्हाणा घालून घातलेलो हार, देवाचो कौल घेतल्याबगर काढूचो नाय!" मग घ्या ना कौल! "कौल सोमवारी." अहो, आज गुरुवार! मी हात जोडले, पाया पडलो, म्हटलं गावकरांनू, माझी नोकरी जातेय. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि खरं सांगू? माझाच हात पुढे होईना. भीती वाटली. जावई माणूस, उद्या कोणाची म्हैस आटली तरी नाव माझंच!

गाडीत जाऊन बसलो आणि रडलो हो, सरळ रडलो. कोपर कुठल्या बटणाला लागलं कुणास ठाऊक, सीट माझी पाठ चेपायला लागली. त्या दिवशी मला धीर देणारी ती एकटीच!

आणि मग सुचलं. मागे कुठे हार आहे? मागे गाडी चालते! वास्कोपर्यंत उलटा जाऊ का, झुआरीच्या पुलावरून उलटा? पोलीस ओवाळतील मला! शेवटी टाकली रिव्हर्स, आणि घुमटीपासून शेडपर्यंत, हळूहळू, पायी चालल्यासारखा... वाटेत पोदेर पावांची टोपली घेऊन सायकलवरून पुढे गेला आणि घंटी वाजवून म्हणाला, "वास्को त्या बाजूक, काशिनाथ!" लांबच्या प्रवासाची गाडी!

चार वाजता बाब आले. मी शेडच्या पायरीवर, मान खाली. सगळं सांगितलं. बाब सरळ शेडमध्ये शिरले. टॉर्च घेतला, गाडीभोवती फिरले, वाकून बघितलं, पत्र्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "एक चरो नाय! काशिनाथा, आदले तीन ड्रायव्हर वेळेर पावले, आणि तिगांनीय गाडी घासून हाडली. तू एकटोच असो, गाडी जशी न्हेलंस तशी परत हाडलंस. तू कायम!"

मी तर पायच धरले. बाब म्हणाले, "आता ही गाडी भायर काढूचीच नाय. तू रोज येवन आत बस, अर्धो तास इंजिन चालू ठेव. तीनय गाड्यांचा. बस."

तर आता मी कायम आहे. युनिफॉर्म आहे, टोपी आहे, वाड्यावर मला "ड्रायव्हर" म्हणतात. रोज सकाळी गाडीचं दार लावून आत बसतो, दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर. पडद्यावर येतं, ह्या पेट्रोलात अजून सहाशे वीस किलोमीटर जाता येईल. मी म्हणतो, हो बाये, जाता येईल... आणि बटण दाबून इंजिन बंद करतो, आणि चालत घरी जेवायला जातो.